नव्या संघाला इंजिन कोण देणार? पुरवठ्याचे नियम न्याय्य आहेत का, हे तपासायची पद्धत

फॉर्म्युला वनमध्ये नवा संघ येणार अशी बातमी आली की चालक कोण, गाडीचा रंग कोणता, पैसा कुणाचा, याचीच चर्चा सुरू होते. मला विचाराल तर पहिला प्रश्न इंजिनाचा असायला हवा. नवा संघ चॅसी (गाडीचा सांगाडा) स्वतः बनवू शकतो, विंग स्वतः घडवू शकतो, चांगले अभियंते जास्त पगार देऊन आणू शकतो. इंजिन मात्र त्याला जवळजवळ नेहमीच अशा कंपनीकडून घ्यावे लागते, जिचा स्वतःचा संघ त्याच ट्रॅकवर त्याच्याविरुद्ध धावत असतो. ज्याच्याशी लढायचे त्याच्याच दारात जाऊन हत्यार मागायचे, अशी ही अवस्था आहे.

म्हणून इंजिनपुरवठ्याचे नियम लागतात. ते नियम नवख्या संघाला खरोखर आधार देतात की नुसते कागदावर असतात, हे बाहेरून पाहणाऱ्या चाहत्यालाही तपासता येते. त्यासाठी अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही, योग्य क्रमाने योग्य प्रश्न विचारावे लागतात. या खेळाकडे नुकतेच वळलेल्यांसाठी तो क्रम इथे देतो आहे. उदाहरणे मुख्यतः फॉर्म्युला वनची आहेत, कारण हा वाद तिथे सर्वांत तीव्र आहे.

पायरी १ : इंजिन विकणारे कोण आहेत ते पाहा

दोन संस्थांची नावे आधी मनात वेगळी ठेवा. एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संघटना. नियम ती बनवते आणि त्यांची अंमलबजावणीही तीच करते. स्पर्धेचे व्यावसायिक हक्क फॉर्म्युला वन मॅनेजमेंटकडे आहेत आणि तिची मालकी लिबर्टी मीडियाकडे. या दोघांचे हितसंबंध नेहमी एका दिशेने जात नाहीत. पुढे याचा संदर्भ येईल.

आता इंजिन. २०१४ पासून त्याला पॉवर युनिट म्हणतात, कारण १.६ लिटरच्या व्ही६ टर्बो इंजिनाबरोबर विजेची मोटर, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून ते एक यंत्र बनते. २०२६ च्या नव्या नियमांत विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर गेली आणि टर्बोला जोडलेला एमजीयू-एच हा अतिशय महागडा भाग काढून टाकला गेला. इतके गुंतागुंतीचे यंत्र बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच. २०२६ साठी मर्सिडीज, फेरारी, होंडा, ऑडी आणि फोर्डच्या साथीने रेड बुल अशी पाच नावे आहेत. रेनोने २०२५ च्या शेवटी इंजिन बनवणे थांबवले आणि तिचाच अल्पीन संघ मर्सिडीजचा ग्राहक झाला.

या पाचांपैकी चौघांचे स्वतःचे संघ आहेत. होंडाचा स्वतःचा संघ नाही, पण ती अ‍ॅस्टन मार्टिनशी बांधलेली आहे. म्हणजे ज्याला फक्त इंजिने विकायची आहेत, ट्रॅकवर कुणाला हरवायचे नाही, असा विक्रेता आज एकही नाही.

एके काळी असा विक्रेता होता. फोर्डने १ लाख पौंड दिले आणि कीथ डकवर्थ यांनी कॉसवर्थ या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत डीएफव्ही हे व्ही८ इंजिन घडवले. १९६७ मध्ये नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला ते पहिल्यांदा शर्यतीत उतरले आणि जिम क्लार्क यांनी लोटसमधून ती शर्यत जिंकली. पहिल्या हंगामात हे इंजिन फक्त लोटसकडे होते. एकच संघ सगळे जिंकत राहिला तर त्या विजयांना किंमत उरणार नाही, हे फोर्डचे वॉल्टर हेज यांनी ओळखले आणि पुढच्या वर्षापासून इतरांनाही इंजिन विकायला सुरुवात झाली. त्यानंतरच्या दीड दशकात टायरेल, मॅक्लॅरेन, विल्यम्स असे कितीतरी संघ याच इंजिनाच्या जोरावर उभे राहिले. या इंजिनाच्या घराण्याने १५५ शर्यती जिंकल्या. पैसे भरणाऱ्याला इंजिन मिळे. त्यासाठी कुणावर सक्ती करणारा नियम करावा लागला नाही, कारण विक्रेत्याचा फायदाच जास्त संघ उभे राहण्यात होता.

तो विक्रेता गेला तेव्हाच न्याय्यतेचा प्रश्न उभा राहिला. म्हणून कोणतीही मालिका पाहताना आधी याचे उत्तर शोधा : इंजिन विकणाऱ्याला नवा संघ जिंकलेला परवडतो का? उत्तर नाही असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या महत्त्वाच्या होतात.

पायरी २ : ‘द्यावेच लागेल’ असे नियमात कुठे लिहिले आहे ते शोधा

२०१५ मध्ये रेड बुलसारख्या संघावर इंजिनाविना राहायची वेळ येऊ घातली होती. २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षे विजेता ठरलेला हा संघ. रेनोशी संबंध बिघडले, मर्सिडीजने इंजिन द्यायला नकार दिला, फेरारीशी बोलणी फिसकटली. शेवटी २०१६ मध्ये रेनोचेच इंजिन टॅग होयर या घड्याळांच्या कंपनीचे नाव लावून त्यांना वापरावे लागले. तोवर इंजिन देण्याची ठोस सक्ती कुणावरच नव्हती. चार विजेतेपदांच्या मालकाची ही गत, तर नव्या संघाला दारात कोण उभे करणार?

या पेचानंतर २०१६ मध्ये एफआयए आणि इंजिन उत्पादक यांच्यात तोडगा निघाला आणि पुरवठ्याची सक्ती नियमांत आली. ती एका सूत्राने चालते. ११ या आकड्यातून, नव्या इंजिन उत्पादकांशी करार झालेल्या संघांची संख्या वजा करायची. उरलेल्या संख्येला जुन्या उत्पादकांच्या संख्येने भागायचे. उत्तर अपूर्णांकात आले तर वरचा पूर्णांक घ्यायचा. एफआयएने सांगितले तर प्रत्येक जुन्या उत्पादकाने किमान तेवढ्या संघांना इंजिन दिलेच पाहिजे. कुणावर जबाबदारी टाकायची हे ठरवताना ज्याच्याकडे सर्वांत कमी ग्राहक आहेत त्याचा क्रमांक पहिला लागतो.

२०२४ चा हंगाम घेऊन गणित करून पाहू. उत्पादक चार, नवा कुणीच नाही. ११ भागिले ४ म्हणजे २.७५, म्हणून ३. मर्सिडीज चार संघांना इंजिन देत होती, फेरारी तिघांना, होंडा-रेड बुल दोघांना आणि रेनो फक्त स्वतःच्या अल्पीनला. त्या वर्षी इंजिनाविना कुणी संघ असता तर पहिली पाळी रेनोची आली असती.

हे सूत्र मला मनापासून आवडते. त्यात कुणाची मर्जी चालत नाही आणि ज्याच्यावर भार कमी त्याच्याकडे आधी जाण्यात सरळ न्याय आहे. पण यातली एक गोष्ट पटकन नजरेत भरत नाही. ज्याच्याकडे सर्वांत कमी ग्राहक आहेत, त्याचे इंजिन बहुधा कुणाला नको असते म्हणूनच त्याच्याकडे ग्राहक कमी असतात. सक्तीच्या मार्गाने आलेल्या संघाच्या वाट्याला रांगेतले शेवटचे इंजिन येण्याची शक्यता या रचनेतच आहे. त्याला इंजिन मिळेल याची हमी आहे, चांगले इंजिन मिळेल याची नाही.

पायरी ३ : तारखा तपासा

ही पायरी बहुतेक जण ओलांडून पुढे जातात, पण नव्या संघाचे खरे हाल इथे होतात.

फॉर्म्युला वनच्या गाडीत इंजिन हा चॅसीला जोडलेला भार पेलणारा भाग असतो. मागची चाके, सस्पेन्शन, गिअरबॉक्स यांचा सगळा ताण त्यातूनच पुढे जातो. कुठले इंजिन येणार हे ठरल्याशिवाय पेट्रोलच्या टाकीचा आकार ठरत नाही, रेडिएटर किती मोठे लागतील ते कळत नाही, आणि रेडिएटर ठरल्याशिवाय गाडीच्या दोन्ही बाजूंचा आकार ठरत नाही. हवेशी झुंजणारा गाडीचा सगळा मागचा भाग या एका निर्णयावर अडून असतो.

२०१४ पासूनच्या हायब्रिड (पेट्रोल आणि वीज मिळून चालणाऱ्या) काळाच्या नियमांत उत्पादकाने पुढच्या हंगामात कुणाकुणाला इंजिन देणार याची यादी १५ मेपर्यंत एफआयएला द्यायची आणि सक्तीचा मार्ग १ जूनच्या आसपास खुला व्हायचा अशी रचना होती. म्हणजे ज्याला सरळ करार मिळाला नाही, त्याला जून उजाडेपर्यंत आपल्या गाडीत काय बसणार हे ठाऊक नाही. पुढच्या वर्षीची पहिली शर्यत मार्चमध्ये. फेरारीच्या किंवा मर्सिडीजच्या अभियंत्यांना मात्र आपले इंजिन कसे असणार हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत असते, कारण ते शेजारच्याच इमारतीत तयार होत असते.

२०१० च्या नव्या संघांची नावे एफआयएने जून २००९ मध्ये जाहीर केली आणि पहिली शर्यत बहारीनला १४ मार्च २०१० रोजी झाली. जेमतेम नऊ महिने. त्याच वर्षी शर्यतीत मधेच पेट्रोल भरायला बंदी आली होती. व्हर्जिन संघाच्या गाडीची टाकी इतकी लहान निघाली की पूर्ण वेगाने शर्यत संपेपर्यंत इंधन पुरेना. एफआयएने खास परवानगी दिली तेव्हा कुठे त्यांना चॅसी बदलता आली. अमेरिकेचा यूएस एफ१ संघ तर ट्रॅकवर आलाच नाही.

तेव्हा नियम वाचताना सक्तीच्या पुरवठ्याची तारीख आणि पहिल्या शर्यतीची तारीख यांतले अंतर मोजा. माझ्या मते नव्या संघासाठी हे अंतर किमान दीड वर्ष असायला हवे. प्रस्थापित संघाला आठ-नऊ महिने पुरतील, कारण त्याच्याकडे मागच्या वर्षीची गाडी असते. नव्याकडे कोरा कागद असतो.

पायरी ४ : मिळालेले इंजिन तेच आहे का?

२०१५ मध्ये मॅनॉर संघाने फेरारीचे आदल्या वर्षीचे, २०१४ चे इंजिन वापरले. २०१६ मध्ये टोरो रोसोच्या गाडीत २०१५ चे फेरारी इंजिन होते, २०१७ मध्ये सॉबरच्या गाडीत २०१६ चे. गाडीवर फेरारीचे नाव, पण आत वर्षभर जुने यंत्र. ज्या काळात उत्पादक दर हिवाळ्यात मोठी सुधारणा करत होते, त्या काळात एक वर्ष मागे असणे म्हणजे सरळ रस्त्यावर लाचार होणे.

आता पुरवठादाराने आपल्या सगळ्या ग्राहकांना एकाच बनावटीचे युनिट द्यावे लागते. २०१८ च्या सुरुवातीला एफआयएने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. यंत्र एकसारखे असून भागत नाही, ते चालवणारे सॉफ्टवेअर आणि वापरायच्या सोयीही ग्राहकाला तशाच मिळाल्या पाहिजेत. त्याआधी पात्रता फेरीत फॅक्टरी संघ (इंजिन उत्पादकाचा स्वतःचा संघ) आपल्या इंजिनातून जी जादा ताकद काढत असे, ती ग्राहकाला नेहमीच मिळत नसे.

ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय एफआयएला द्यायलाच हवे. तरी दोन फरक नियमाने मिटत नाहीत. एक इंधनाचा. पुरवठादार आपले इंजिन आपल्या तेल कंपनीच्या इंधनावर महिनोन्‌महिने घडवतो, म्हणून दुसऱ्या कंपनीशी करार असलेला ग्राहक मागे पडू शकतो. दुसरा फरक रचनेचा. इंजिनाची मापे फॅक्टरी संघाच्या गाडीला सोयीची पडतील अशी ठरतात आणि ग्राहकाला आपली गाडी त्या मापांभोवती रचावी लागते. म्हणून ‘एकच इंजिन’ हे शब्द वाचलेत की त्यात सॉफ्टवेअर आणि इंधन येते का, रेखाटने ग्राहकाच्या हाती कधी पडतात, हेही विचारा.

पायरी ५ : किंमत

इथे थोडक्यात सांगतो, कारण किमतीचे खरे आकडे करारांत बंद असतात. २०१५ मध्ये एफआयएने ग्राहक संघांसाठी इंजिन आणि गिअरबॉक्सची कमाल किंमत ठरवायचा प्रयत्न केला. फेरारीने आपला खास नकाराधिकार वापरून तो हाणून पाडला. एका संघाकडे, तोही इंजिन विकणारा संघ, असा अधिकार असणे हे या स्पर्धेतले सर्वांत उघड असंतुलन आहे. २०१६ च्या तोडग्यात मग किंमत २०१७ साठी १० लाख युरोंनी आणि २०१८ साठी आणखी ३० लाख युरोंनी उतरवायचे ठरले.

किंमत कमी दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. जॉर्डन संघ १९९१ मध्ये नव्याने आला तेव्हा त्याच्याकडे कॉसवर्थने बनवलेले फोर्डचे व्ही८ इंजिन होते. पहिल्याच वर्षी १३ गुण आणि पाचवे स्थान मिळाले. पण बिले भागवताना संघ मेटाकुटीला आला. पुढच्या वर्षी यामाहाचे इंजिन फुकट मिळत होते, ते घेतले, आणि अख्ख्या हंगामात एक गुण मिळाला. त्या व्यवहारात फुकट इंजिनच जास्त महाग पडले.

आणखी एक बारीक मुद्दा. सक्तीचा नियम पॉवर युनिटबद्दल आहे, गिअरबॉक्सबद्दल नाही. इंजिन सक्तीने घेतले तर त्याला जुळणारा गिअरबॉक्स पुरवठादार देईलच असे नाही, आणि स्वतः गिअरबॉक्स बनवायचा म्हणजे वेगळा कारखाना, वेगळी माणसे आणि वेगळा वेळ.

पायरी ६ : प्रवेशाची अट आणि इंजिनाची अट एकमेकांत अडकवली आहे का?

आतापर्यंतचे सगळे प्रश्न नियमपुस्तकात उत्तर सापडणारे होते. हा प्रश्न नियमपुस्तकाबाहेरचा आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. नवख्या संघावर दोन्ही बाजूंनी अन्याय होऊ शकतो : अमुकच इंजिन घेतलेस तर आत घेऊ असे सांगून, किंवा नियमाने मिळणारे इंजिन घेणार असशील तर नको असे सांगून. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

पहिली २००९ ची. मोठ्या मोटार कंपन्या खेळ सोडतील या भीतीने एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांना स्वतंत्र, कमी खर्चाचे संघ आणायचे होते. कॉसवर्थ पुन्हा इंजिन द्यायला तयार झाली. जून २००९ मध्ये निवडलेले तिन्ही नवे संघ, काम्पोस (पुढे एचआरटी), मॅनॉर (पुढे व्हर्जिन) आणि यूएस एफ१, कॉसवर्थचेच ग्राहक निघाले. मागाहून आत आलेल्या, लोटस हे जुने नाव घेतलेल्या नव्या संघानेही तेच इंजिन घेतले. ज्यांचे अर्ज नाकारले गेले त्यांच्यातून आरोप झाला की कॉसवर्थशी करार ही प्रवेशाची न सांगितलेली अट होती. त्यांच्यातला एक अर्जदार न्यायालयातही गेला. आरोप खरा होता की नव्हता यावर मी निकाल देत नाही. पण निवडीचे निकष आधी जाहीर असते, त्यांत इंजिनाला किती वजन आहे हे लिहिलेले असते, तर संशयाला जागाच उरली नसती. जिथे निकष बंद दाराआड असतात तिथे प्रामाणिक निर्णयही संशयास्पद वाटतो.

त्याच काळात उलट्या बाजूचाही प्रश्न होता. इतर इंजिनांना मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मर्यादा होती आणि कॉसवर्थचे इंजिन २००६ च्या, त्याहून जास्त फिरणाऱ्या रचनेचे. वेळ कमी म्हणून ते जुन्या रूपातच मर्यादेविना चालू द्यावे असा विचार झाला. प्रस्थापित संघांनी आक्षेप घेतला आणि अखेर कॉसवर्थने इंजिन १८,००० च्या मर्यादेत बसवले. इथे मला प्रस्थापितांचे म्हणणे पटते. नव्या संघाला सवलत द्यायची तर ती वेळेची, किमतीची, सरावाची द्यावी. ट्रॅकवरच्या नियमांत दिली की त्याचा प्रत्येक गुण वादग्रस्त होतो आणि त्यात नुकसान त्याचेच होते.

आता दुसरी गोष्ट, आंद्रेतीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये एफआयएने तपासणी करून अमेरिकेच्या आंद्रेती संघाचा अर्ज मंजूर केला. रेनोशी त्यांचा झालेला प्राथमिक करार मुदत संपून गेला होता. त्यांची भागीदार जनरल मोटर्स पुढे स्वतःचे इंजिन बनवणार होती, पण तोवर त्यांना दुसऱ्याचे इंजिन लागणार होते. ३१ जानेवारी २०२४ रोजी फॉर्म्युला वन मॅनेजमेंटने व्यावसायिक बाजूने नकार दिला. नकाराच्या कारणांत एक असे होते : नव्या संघाला कदाचित अनेक हंगाम सक्तीने मिळालेल्या इंजिनावर धावावे लागले तर स्पर्धेच्या प्रतिष्ठेला धक्का बसेल. शिवाय, जनरल मोटर्स उद्याची प्रतिस्पर्धी असल्याने सक्तीने इंजिन देणारा उत्पादक आपले ज्ञान बाहेर जाईल या धास्तीने किमान आवश्यक तेवढेच सहकार्य करील, असेही म्हटले गेले.

हे कारण सावकाश वाचा. नियमपुस्तक म्हणते की इंजिन नसलेल्या संघाला ते मिळवून दिले जाईल. प्रवेश देणारी संस्था म्हणते की तू त्या तरतुदीचा आधार घेणार आहेस, म्हणून तू नको. मग ती तरतूद आहे कुणासाठी? आत असलेल्या संघाचा करार तुटला तर ती त्याची ढाल होते आणि बाहेरून येणाऱ्याने तिचे नाव काढले की तीच त्याची अपात्रता ठरते. जो हक्क वापरल्याची शिक्षा होते त्याला हक्क म्हणता येत नाही. आंद्रेतीच्या अर्जात इतर उणिवा असतील, त्यांवर वाद होऊ शकतो. या एका कारणाचे समर्थन मात्र मला करता येत नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सच्या पाठबळाने, तिच्याच कॅडिलॅक या ब्रँडच्या नावाने, त्याच प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली. डिसेंबरमध्ये फेरारीने इंजिन आणि गिअरबॉक्स द्यायचे मान्य केले, तेही राजीखुशीने. २०२६ पासून संघ मैदानात आणि २०२९ पासून स्वतःचे इंजिन, अशी योजना ठरली. म्हणजे ग्राहक उद्या स्वतः इंजिन बनवणार आहे ही अडचण जशीच्या तशी होती, तरी करार झाला. मधल्या काळात अमेरिकेच्या न्याय खात्याने या नकाराची चौकशी सुरू केली होती आणि जनरल मोटर्सचा सहभाग पक्का झाला होता. ज्या नवख्याच्या मागे एवढी मोठी कंपनी नाही, त्याला हा रस्ता आजही तसाच बंद आहे.

पायरी ७ : पुरवठादाराचीही बाजू तोलून पाहा

फक्त नव्या संघाच्या बाजूने बोलून न्याय होत नाही. एक ग्राहक वाढला की उत्पादकाला दोन गाड्यांची युनिट्स जास्त बनवावी लागतात. त्यांचे सुटे भाग, ट्रॅकवर बसणारे अभियंते आणि चाचणीयंत्रावरचा वेळ हा भारही वाढतो. २०२३ पासून इंजिन उत्पादकांच्या खर्चालाही मर्यादा आहे. ज्ञान बाहेर जाण्याची भीतीही अगदीच खोटी नाही. इंजिनाचे तापमान, दाब, वजनाची वाटणी हे सगळे ग्राहकाला कळतेच.

नव्या उत्पादकाला सूत्रातून वगळले आहे तेही योग्य आहे. २०१५ मध्ये होंडा एकट्या मॅक्लॅरेनला इंजिन देत होती आणि तेवढ्यातच तिची दमछाक झाली. मॅक्लॅरेन त्या वर्षी नववी आली. तेव्हा आणखी दोन संघ तिच्या गळ्यात मारले असते तर कुणाचेच भले झाले नसते. अमेरिकेच्या इंडीकार या शर्यतमालिकेत २०१२ साली लोटसचे नवे इंजिन आले आणि नेमके हेच झाले. ते इतके कमी पडले की काही संघांनी हंगाम सुरू असतानाच करार मोडले, आणि इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्या इंजिनाच्या दोन्ही गाड्या फार संथ म्हणून थांबवल्या गेल्या.

पायरी ८ : निकालांवरून घाईने निष्कर्ष काढू नका

२०१० चे तीन नवे संघ, लोटस, व्हर्जिन आणि एचआरटी, यांना त्या वर्षी एकही गुण मिळाला नाही. दोष इंजिनाचा, असे म्हणायचा मोह होतो. पण तेच कॉसवर्थ इंजिन विल्यम्सकडेही होते. विल्यम्सने ६९ गुण मिळवून सहावे स्थान घेतले आणि ब्राझीलमध्ये निको हुल्केनबर्ग याने पोल पोझिशनही (पात्रता फेरीतले पहिले स्थान) पटकावली. एकच इंजिन असलेले दोन संघ शेजारी ठेवून पाहणे ही तुमची सर्वांत सोपी कसोटी. त्या तिघांना इंजिनापेक्षा अपुऱ्या वेळाने आणि तुटपुंज्या पैशाने जास्त मारले, असे मला त्यावरून दिसते.

याच्या उलट टोकाला हास आहे. २०१६ मध्ये हा संघ फेरारीचे चालू वर्षीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि नियमात बसतील तेवढे इतर भाग घेऊन आला. तयारीला वर्षभराहून जास्त वेळ मिळालेला होता. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत रोमँ ग्रोजाँ सहावा आला. पण ही सगळी सोय पुरवठादाराच्या खुशीने झाली होती, कुठल्या सक्तीने नव्हे.

कॅडिलॅककडे पाहतानाही हीच कसोटी लावा. त्याची तुलना मर्सिडीज किंवा रेड बुलशी करू नका, त्याच इंजिनावर धावणाऱ्या हासशी करा. सरळ रस्त्यावरचा वेग सारखा आणि वळणांवर मागे, तर उणीव गाडीत आहे. सरळ रस्त्यावरही सतत मागे पडत असेल तर चौथ्या पायरीतले प्रश्न पुन्हा काढा. आणि २०२८ चा हंगाम बारकाईने पाहा : फेरारीच्या इंजिनावरचे ते ठरलेले शेवटचे वर्ष, आणि आपला ग्राहक पुढच्या मार्चमध्ये प्रतिस्पर्धी उत्पादक होणार हे तेव्हा पुरवठादाराला पक्के ठाऊक असेल.